जाळी असूनही चिलटं चावतात

प्रश्न : आमच्या घराला लागूनच गोठा आहे. खिडक्यांना डासांची जाळी आहे, कॉइलही लावतो. तरी तिन्हीसांजेला अगदी बारीक चिलटं चावतात. मुलांचे पाय खाजवून लाल होतात. बाथरूमच्या भिंतीवरही लहान माश्या दिसतात. काय करावं?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : बाथरूममधल्या केसाळ पंखांच्या माश्या चावत नाहीत. त्या मोरीच्या पाइपातल्या बुळबुळीत थरात वाढतात. नुसतं फिनेल ओतून तो थर निघत नाही, लांब ब्रशने आतून घासावा लागतो.

चावणारी चिलटं वेगळी. ती १ ते ३ मिलिमीटरची असतात आणि त्यांतली फक्त मादी रक्त पिते. डासांच्या साध्या जाळीचं छिद्र साधारण १.२ मिलिमीटरचं असतं, त्यातून ती सहज आत शिरते. ०.६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्राची जाळी घ्या. तिच्यातून वारा कमी येतो, म्हणून झोपायच्या खोलीपुरती पुरे. चौकटीच्या कडेला फट राहिली तर मात्र सगळा खर्च वाया.

त्याआधी पंखा वापरून पाहा. हे कीटक उडायला फार दुबळे असतात, वाऱ्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही. टेबलफॅन जमिनीवर ठेवून झोत पायांवर घ्या. छताच्या पंख्याचा वारा टेबलाखाली पोचत नाही. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी खिडक्या लावा, पूर्ण अंधार पडल्यावर उघडा. घरात औषध फवारून फारसं साधत नाही, कारण बाहेरून नवी चिलटं येतच राहतात.

खरं काम गोठ्यात आहे. ओलं शेण, मुताचा चिखल आणि कुजका पाला यांत अळ्या वाढतात. उबदार हवेत अंड्यापासून चिलट व्हायला दोन-चार आठवडे लागतात. म्हणून शेण रोज उचला, उकिरडा घरापासून लांब न्या, कडेचा चिखल निदान आठवड्याला खरवडून वाळू द्या. गव्हाणीजवळ पाणी गळत असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर चिखल पुन्हा होणारच. शेजाऱ्यांकडे मेंढ्या असतील तर त्यांनाही सांगा : मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग हीच चिलटं पसरवतात.

एक गोष्ट नीट तपासा. कीटक केसाळ, फिकट तपकिरी असेल, पंख उभे धरून बसत असेल आणि टुणटुण उडत असेल, तर ती वालुमाशी. तिच्यासाठी भिंतीच्या भेगा लिंपून घ्या. मुलांच्या मेंदूला सूज आणणारा चंडिपुरा विषाणू तिच्यामार्फत पसरतो. मुलाला अचानक जोराचा ताप येऊन झटके आले किंवा ग्लानी आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच रुग्णालयात न्या.