पीएचडीसाठी यीस्टवर काम करावं की थेट माणसाच्या पेशींवर?

तुम्ही विचारलंय की आजारांवर संशोधन करायची इच्छा असताना यीस्टच्या प्रयोगशाळेत पाच-सहा वर्षं घालवावीत का. मी स्वतः यीस्टच्या जनुकांवर काम करतो, त्यामुळे माझं मत यीस्टच्या बाजूनं झुकणारच. तरी निर्णय घेण्याआधी जपानी पेशीशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींची वाटचाल नीट बघा.

ओसुमी 1974 ते 1977 न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात होते. तिथे उंदरांवरचं काम सोडून ते यीस्टकडे वळले. टोकियोला परतल्यावर त्यांनी विषय निवडला तो रिक्तिकेचा, म्हणजे यीस्टच्या पेशीतल्या मोठ्या पिशवीचा (व्हॅक्युओल). पेशीतली अडगळीची खोली, एवढीच तेव्हा तिची ओळख होती आणि फारसं कुणी तिकडे फिरकत नव्हतं. त्यांना नेमकं तेच हवं होतं. गर्दीच्या विषयात चढाओढ करण्यापेक्षा कुणी करत नाही ते करण्यात आपल्याला आनंद वाटतो, असं ते सांगत आलेत. स्वतःची प्रयोगशाळा मिळाली 1988 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

पेशी स्वतःचेच भाग पचवते, याला 'ऑटोफॅजी' हे नाव 1963 मध्येच मिळालं होतं. पण त्यामागची जनुकं कुणाला माहीत नव्हती. रिक्तिकेत आलेला माल लगेच पचून जातो, मग दिसणार काय? ओसुमींनी असं यीस्ट घेतलं ज्याच्या रिक्तिकेतले प्रथिनं पचवणारे एन्झाइम निकामी होते, आणि ते उपाशी ठेवलं. काही तासांत रिक्तिका न पचलेल्या मालाच्या बारीक गोल पिशव्यांनी भरून गेल्या. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली या पिशव्या आत सारख्या थरथरताना, एकमेकींवर आदळताना दिसतात. आजही ते बघताना माझी नजर हटत नाही.

खरी करामत त्यापुढची. ज्या म्युटंटमध्ये (जनुकात बदल झालेल्या यीस्टमध्ये) पिशव्या साचत नाहीत, त्याचं ऑटोफॅजीचं जनुक बिघडलेलं असणार. असा एक म्युटंट हाती लागला आणि लक्षात आलं की उपासमारीत तो लवकर मरतो. मग मेलेल्या पेशींना गुलाबी करणारा रंग वापरून आणखी म्युटंट शोधता आले. मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीबरोबर 1993 मध्ये त्यांनी अशी पंधरा जनुकं दाखवली. त्यातल्या बहुतेकांची भावंडं माणसात निघाली. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या नोबोरू मिझुशिमांनी पुढे हे काम सस्तन प्राण्यांत नेलं. 2016 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ओसुमींना एकट्याला मिळालं.

माणसाच्या पेशीत हे सगळं आधी का जमलं नाही? यीस्ट गुणसूत्रांच्या एकाच संचावर जगू शकतं, त्यामुळे एक जनुक बिघडलं की परिणाम लगेच दिसतो. आपल्या पेशीत दुसरी प्रत काम सांभाळून घेते. शिवाय यीस्ट दीड-दोन तासांत दुप्पट होतं.

अर्थात तुमचा प्रश्न मेंदूतल्या जोडण्यांचा किंवा ऊतींच्या रचनेचा असेल तर यीस्ट तुमच्या कामाचं नाही, सरळ दुसरी प्रयोगशाळा शोधा. पण प्रश्न पेशीच्या आतल्या यंत्रणेचा असेल, तर मार्गदर्शकांना एवढंच विचारा: इथे हवा तो म्युटंट हजारोंतून ओळखायचा कशावरून? नेमकं उत्तर मिळालं तर बिनधास्त रुजू व्हा.