परस्परविरोधी माहिती समोर आली की अभिजात तर्कशास्त्र निकामी ठरतं का?

निकामी ठरत नाही, पण त्याची मोठी मर्यादा तिथेच उघडी पडते.

प्रत्येक विधान सत्य किंवा असत्य असतं आणि एकाच वेळी दोन्ही नसतं, हा अभिजात तर्कशास्त्राचा पाया. मूळ विचार ॲरिस्टॉटलचा. आधुनिक चिन्हबद्ध रूप जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने १८७९ मध्ये दिलं.

आता समजा, 'क' आणि 'क नाही' दोन्ही मान्य केलं. 'क' खरं, म्हणून 'क किंवा ख' खरंच, मग ख काहीही असो. पण 'क नाही' हेही खरं, म्हणजे क बाद झाला आणि उरला ख. दोन पावलांत वाटेल ते सिद्ध! माणूस असा विचार करत नाही. दोन साक्षीदार उलटसुलट बोलले म्हणून न्यायाधीश चंद्र चौकोनी आहे असं मानत नाही. ही पळवाट बंद करणारी तर्कपद्धती ब्राझीलच्या न्यूटन दा कोस्टा यांनी १९६३ मध्ये मांडली. तिच्यात विसंगती एका जागी राहते, सगळीकडे पसरत नाही. मला हा मार्ग पटतो.

याशिवाय डच गणितज्ञ ब्राउवरने १९०८ मध्ये वेगळीच हरकत घेतली: अनंत संचांबाबत 'आहे किंवा नाही' हे सिद्धतेशिवाय गृहीत का धरायचं? 'टकला', 'उंच' अशा धूसर शब्दांचा प्रश्नही आहेच. किती केस गळले की माणूस टकला, याची नेमकी रेघ कुणालाच आखता येत नाही.

तरी गणिताचा बहुतांश व्यवहार आजही अभिजात तर्कावरच चालतो.