‘समुद्रात काहीतरी शिजतंय म्हणे!’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मे उजाडला की माझ्या फोनवर दोनच गोष्टी येतात, लग्नपत्रिका आणि अरबी समुद्राची लाल-जांभळी चित्रं. नोकरीची सगळी वर्षं सागरी हवामानाचे अंदाज लिहिण्यात गेली, आता भुसावळला घरी असतो, त्यामुळे लोक हक्काने विचारतात. विचारा की. पण तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येताहेत, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

समुद्र कोठे, आम्हनं गाव कोठे! मंग वादळ आठे कसं येस? (शिंदखेडा)

भाऊ, वादळ जसंच्या तसं येत नाही, त्याचं उरलंसुरलं येतं. कोमट समुद्राच्या वाफेवर चक्रीवादळ पोसतं. त्यासाठी पाणी साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या वर लागतं. जमिनीवर चढलं की वाफेचा पुरवठा तुटतो, डोंगर-झाडांना घासून वारा मोडतो, पण ढगातलं पाणी कुठेतरी उतरणारच. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि उत्तर महाराष्ट्राच्या अंगावरून ईशान्येला जाता जाता विरलं.

सगळं अरबी समुद्रातूनच येतं असं मात्र धरून बसू नका. सप्टेंबर 2021 चं ‘गुलाब’ बंगालच्या उपसागरातलं. आंध्रात कलिंगपट्टणमजवळ शिरलं, महाराष्ट्र ओलांडला, अरबी समुद्रात उतरलं आणि तिथे ‘शाहीन’ म्हणून पुन्हा उभं राहिलं. पावसाळ्यात तापी फुगते तीही बरेचदा पूर्वेकडून मध्य प्रदेशात सरकलेल्या कमी दाबांमुळे. आपल्याकडे आभाळ कोरडं आणि तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेले, हे पाहिलंय ना? म्हणून नदीकाठच्यांनी आपल्या आभाळाकडे बघून ठरवू नये, पाटबंधारे विभागाचा इशारा ऐकावा.

बातम्यांत ‘कमी दाबाचं क्षेत्र’ म्हणतात, ते वादळच ना? (शहादा)

नाही. वारा ताशी 31 किलोमीटरच्या आत असेल तर कमी दाबाचं क्षेत्र, 31 ते 61 डिप्रेशन आणि डीप डिप्रेशन, 62 पासून पुढे चक्रीवादळ, आणि नाव मिळतं तेही तेव्हाच.

‘गुलाब’ हे नाव पाकिस्तानने ठेवलं, खरं का? (धुळे)

खरं. 13 देशांनी दिलेल्या यादीतून नावं आळीपाळीने येतात, त्यात आपलं ‘गति’ही होतं. नावावरून वादळाचा जोर कळत नाही.

मुलगा मालवाहू जहाजावर आहे, जुलैत अरबी समुद्रातून जाणार. फोनवर ‘लाटा 4 मीटर’ दिसतं आणि जीव खालीवर होतो. (अमळनेर)

ताई, नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, विशेषतः सोमालिया-सोकोत्राच्या बाजूला, चार मीटरच्या लाटा नवलाच्या नाहीत. मोठ्या जहाजावर पोटात कालवतं, जेवण जात नाही, पण बहुतेक वेळा तेवढंच. आकडा मात्र नीट समजून घ्या. ती सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे एखादी सुटी लाट जवळपास दुप्पटही निघते. वारा नॉटमध्ये दिलेला असतो, एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे चक्रीवादळं क्वचितच होतात, कारण खालचे वारे एका दिशेने आणि वरचे उलट दिशेने जोरात वाहत असतात. वादळाचा मनोरा उभाच राहत नाही. या पाण्यासाठीची बुलेटिनं आपलं हवामान खातंच काढतं आणि जहाजाला ती उपग्रहावरून मिळत राहतात. फारच काळजी वाटली तर कंपनीच्या कार्यालयात फोन करा. मुलाला स्क्रीनशॉट पाठवू नका, त्याच्यापुढे खराखुरा समुद्र आहे.

‘आठवड्यात मोठं वादळ, माल कापून घ्या’ असा मेसेज फिरतोय. व्यापारीही तेच म्हणतो. केळीचे घड भरायला अजून पंधरा दिवस आहेत. काय करू? (रावेर तालुका)

हे उत्तर लांबणार.

मेसेजसोबत तुम्ही पाठवलेलं वादळाचं चित्र मी बोटांनी मोठं करून पाहिलं. खालची तारखेची पट्टी कुणीतरी कापलेली. चक्राचा डोळा बरोबर दीव-उन्याच्या उंबऱ्यावर. अहो, हे 17 मे 2021 चं ‘तौक्ते’! जुनंच वादळ नव्या मेसेजात भरून पाठवलंय.

आणि चित्र ताजं असतं तरी? दहा दिवसांपुढचं चित्र म्हणजे एका संगणकीय मॉडेलचा एक डाव. युरोपचं मॉडेल वादळ गुजरातेत नेतं, तेव्हा अमेरिकेचं ते ओमानला सोडून येतं, आणि पुढच्या फेरीत दोघंही मत बदलतात. 2019 चं ‘वायू’ गुजरातच्या दाराशी येऊन पुन्हा समुद्रात वळलं. 2023 चं ‘बिपरजॉय’ आठवडाभराहून जास्त पाण्यात रेंगाळून 15 जूनला कच्छात जखाऊजवळ चढलं. एवढ्या दिवसांत तुमच्याकडे किती ‘अभ्यासकांनी’ किती वाटा दाखवल्या असतील, मोजा.

माझ्या चुलतभावाने अशाच एका मेसेजवर कच्चा माल कापला, बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातल्या भावापेक्षा बराच खाली. वादळ गेलं ओमानकडे, केळीची गाडी गेली दिल्लीकडे. सगळेच व्यापारी तसे नसतात, पण वादळाची बातमी आणि कमी भाव एकाच तोंडून आला की मी तरी थांबतो.

खरं भय वेगळंच आहे. बाग मोडणारा वारा बहुतेक वेळा समुद्रातल्या वादळाचा नसतोच. मे-जूनच्या दुपारी सातपुड्यावर ढग उंच चढतो, पाऊस कोसळताना गार हवा खाली आपटते आणि पाऊण तासात घडाने वाकलेली झाडं कंबरेत मोडतात. या वाऱ्याचा अंदाज आठवडाभर आधी गावाच्या नावानिशी कोणीही देऊ शकत नाही. देतो म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. हवामान खात्याचा तीन तासांपुरता इशारा असतो, ‘नाऊकास्ट’, तो पाहा. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. समुद्राकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला डोक्यावरचा ढग दिसत नाही, हे मी दरवर्षी बघतो. बांबूचा टेकू, आधाराच्या पट्ट्या आणि वारा अडवायला बांधावर लावलेली शेवरीची झाडं ही तयारी मेसेज आल्यावरची नव्हे, निसवण (घड बाहेर पडणं) सुरू होण्याआधीची.

घड कापायचे की नाही ते कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला बागेत आणून ठरवा, मी हवामानवाला आहे. नुकसान झालंच तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. ‘आधी तलाठी येऊ दे’ म्हणत कितीतरी जण मुदत घालवतात.

1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी उकाई धरणाच्या फुगवट्यात लागू आहे का? (नवापूर)

ती पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्राची. जलाशयाचे नियम वेगळे, ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. ढग गडगडला तर मात्र जाळं सोडून काठाला या, होडीला तो वारा समुद्राइतकाच वाईट.

जूनमध्ये द्वारकेला जातोय. बेट द्वारकेची बोट चालू असेल का? (चोपडा)

काका, फेब्रुवारी 2024 पासून तिथे पूल आहे. बोटीचीच हौस असेल तर ओखा बंदरावर धोक्याचा कोणता बावटा लावलाय ते आधी विचारा. तीन नंबरचा, म्हणजे बंदरावर सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा असला तर चहा घ्या आणि पुलाने जा.