अर्थशास्त्र की समाजकार्य?

प्रश्न : बारावी विज्ञान झाले. जगातली टोकाची गरिबी संपवण्यासाठी काम करायचं आहे. बाबा म्हणतात, ‘आधी इंजिनिअर हो, समाजसेवा नंतर कर.’ अर्थशास्त्र घेऊ की बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी)?

उत्तर : तुझ्या पत्रात ‘मदत’ हा शब्द चार वेळा आलाय, ‘रोजगार’ एकदाही नाही. चीनमध्ये चाळीसेक वर्षांत सुमारे 80 कोटी लोक टोकाच्या गरिबीतून वर आले, ते काही देणग्यांवर नाही. 1978 नंतर सरकारला ठरलेला वाटा देऊन उरलेलं पीक विकायची मुभा शेतकऱ्याला मिळाली, मागोमाग कारखाने, रस्ते, बंदरं आली. व्हिएतनामनेही 1986 पासून बरीचशी तीच वाट धरली. तेव्हा बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. गावात वीज नेणारी इंजिनिअरही हेच काम करत असते. त्यांच्या वाक्यातला ‘नंतर’ तेवढा खोड.

पण अशी भरभराट तळाच्या घरापर्यंत आपोआप झिरपत नाही. अशा घरांसाठी बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने 2002 मध्ये एक योजना सुरू केली : एखादं जनावर, काही महिने हातखर्चाला पैसे, बचतीची सोय आणि वरचेवर घरी येऊन शिकवणारा माणूस. पुढे सहा देशांत ती पारखली गेली. योजना संपून वर्ष झालं तरी बहुतेक ठिकाणी कुटुंबांची स्थिती आधीपेक्षा बरी होती. होंडुरासमध्ये मात्र लोकांनी कोंबड्या घेतल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा रोगाने मेल्या. कागदावरचा हिशेब चोख, पण खुराडं रिकामं! तिथे गरज होती ती पशुवैद्यकाची. तू विज्ञानाची आहेस, म्हणून मुद्दाम सांगतेय : ही वाटही आहे, आणि तिचा विचार फारसं कुणी करत नाही.

अर्थशास्त्रच घ्यायचं ठरलं, तर गणित आणि सांख्यिकी सोडू नकोस. ‘कोणता उपाय खरंच चालतो’ हे प्रयोग करून तपासण्यासाठी बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर या अर्थतज्ज्ञांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या तपासणीची सुरुवात मात्र कुणाच्या तरी ओसरीवर होते. ‘आठवड्यात धान्य किती लागलं?’ या प्रश्नाला बाई ‘तीन डबे’ म्हणते. तो डबा मागून घ्यायचा, भरून तोलायचा, तेव्हा कुठे फॉर्मवर किलो लिहिता येतात. टोकाच्या गरिबीची जागतिक बँकेची दिवसाला माणशी 3 डॉलरची रेषा आहे ना, तिच्या खाली कोण आणि वर कोण, हे अशाच नोंदींवरून ठरतं. सुट्टीत एखाद्या सर्वेक्षणात महिनाभर काम करून बघ. चौथ्या दिवशी कंटाळलीस तर तेही कळलेलं बरं.

बीएसडब्ल्यू वाईट नाही. माणसांत बसून तासन् तास ऐकायला आवडत असेल तर जरूर कर. फक्त या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या असतात, निधी संपला की करार संपतो. बाबांची काळजी तिथली असणार. ते त्यांना एकदा सरळ विचार.