झुंबर, हंडी की शँडेलिअर?

आर्वीकडच्या एका गावातून एका भाऊंचा प्रश्न आला आहे. नवं घर बांधलं, हॉलमध्ये नागपूरहून आणलेला लोंबता दिवा लावला, आणि त्याला म्हणायचं काय यावर घरात तीन मतं झाली. दुकानदारानं बिलावर 'झूमर' लिहिलं. कॉलेजात शिकणारी मुलगी 'शँडेलिअर' म्हणते. आईनं वर पाहिलं आणि म्हणाली, "हंडी आणली का बाप्पा? मालगुजाराच्या वाड्यात होती तशी?" यातला बरोबर शब्द कोणता आणि 'झुंबर' मराठी आहे की हिंदीतून उचललेला, असं भाऊंनी विचारलं आहे.

भाऊ, तुमच्या हॉलमध्ये आहे ते झुंबर. हा शब्द आपला आहे, बिनधास्त वापरा. पण आई जे म्हणाल्या तेही चूक नाही, त्या वेगळ्या वस्तूचं नाव घेताहेत. तिकडे येतोच.

झुंबर हा शब्द उजेडावरून आलेला नाही, लोंबण्यावरून आलेला आहे. झुलणे, झुमका, झुबका, हिंदीतलं झूमना आणि झूमर ही सगळी एका नादाची, एका गोतातली मंडळी. हिंदीतला झूमर म्हणजे मुळात बायकांच्या कपाळाच्या एका बाजूला लोंबणारा दागिना. दिव्यांच्या लोंबत्या झाडाला जुनी हिंदी-उर्दू 'झाड-फानूस' म्हणत आली. आपण मात्र झुंबर हा शब्द दिव्याला दिला आणि दिवा नसलेल्या गोष्टींनाही मोकळ्या हातानं वापरला. चैत्र-वैशाखात बहावा फुलला की आपण काय म्हणतो? बहाव्याची पिवळी झुंबरं. निंबोळ्यांचे मात्र घोस, द्राक्षांचा घड, केळ्यांचा लोंगर. केळ्यांचं झुंबर कोणी म्हणत नाही. माझ्या मते फरक असा आहे: घड आणि लोंगर दाट असतात, त्यांच्या आरपार दिसत नाही. बहाव्याची फुलं एकेका देठावर सुटी सुटी लोंबतात आणि मधून ऊन येतं. झुंबर म्हणायला लोंबणं लागतं, पुष्कळ असणं लागतं आणि मधून उजेड फिरायला जागाही लागते. शब्दानं वस्तू इतकी नेमकी पकडलेली पाहिली की मला फार आनंद होतो.

आता हंडी. हंडी म्हणजे काचेचा एकच भांड्यासारखा दिवा, पोट फुगीर, तोंड उघडं, तीन साखळ्यांवर टांगलेला. आत मेणबत्ती, नाहीतर पाण्यावर तेल आणि तेलावर तरंगती वात. आकारावरून नाव पडलं, स्वयंपाकघरातली हंडी छताला गेली. लाल, हिरव्या, निळ्या काचेच्या हंड्या वाड्यांच्या बैठकीत ओळीनं असत आणि मधोमध झुंबर. म्हणून तर 'हंड्या-झुंबरं' असा जोडशब्दच झाला. एका दिव्याला हंडी, अनेक फांद्यांच्या दिव्याला झुंबर, हा भेद आपल्या आज्यांना पक्का ठाऊक होता.

माझं आजोळ दारव्ह्याजवळचं. तिथल्या देशमुखांच्या वाड्यात मी लहानपणी झुंबर पाहिलं ते गवसणीत. हो, 'आकाशाला गवसणी' मधलीच ती. पांढऱ्या मांजरपाटाची मोठी पिशवी, गळ्याशी नाडी, आणि आत काहीतरी जड. कडीपाटाला लोखंडी कडी, कडीतून कप्पी, कप्पीतून दोर, आणि दोराचं टोक भिंतीतल्या खुंटीला. लग्नकार्य असलं की दोन गडी दोर सैल करत झुंबर खाली घेत, गवसणी काढत, राखेनं नव्हे तर ओल्या मऊ फडक्यानं एकेक लोलक पुसत. निखळलेले चार-पाच लोलक आजीनं बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. आम्ही पोट्टे ते डोळ्याला लावून कपाशीचं शेत पाहायचो आणि प्रत्येक झाडाला सात रंगांची कड दिसायची.

हा 'लोलक' शब्द मुद्दाम सांगतो, कारण तो जायच्या वाटेवर आहे. दुकानात त्याला आता 'क्रिस्टल' म्हणतात. संस्कृतात लोल म्हणजे हलणारं, झुलणारं. झुंबराचा लोंबता काचमणी तो लोलक, आणि शाळेच्या विज्ञानात पांढऱ्या उजेडाचे सात रंग करणारा त्रिकोणी काचेचा तुकडा तोही लोलकच. मुलीनं दहावीत हा शब्द वाचलेला असणार. तिला वर बोट करून दाखवा.

मुलीच्या शँडेलिअरकडे येऊ. तिचा शब्द परका वाटतो, पण त्याची कुळकथा ऐकली तर तुम्हाला तो पाहुणा न वाटता दूरचा सोयरा वाटेल. लॅटिनमध्ये 'कांदेला' म्हणजे मेणबत्ती, मूळ धातू 'कांदेरे', चमकणं. फ्रेंचमध्ये क चा श झाला आणि शांदेल, शांदलिए आले. तोच कांदेला ग्रीकातून अरबीत गेला तो किंदील झाला आणि फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला तो कंदील. म्हणजे गोठ्यात खुंटीला टांगलेला, काच काजळलेला, लाइन गेली की अजूनही शोधला जाणारा कंदील आणि मुलीचा शँडेलिअर एकाच आजीची नातवंडं. अजून मागे गेलं तर भाषाशास्त्रज्ञ लॅटिनच्या कांदेरेचं नातं संस्कृतच्या चन्द् या धातूशी लावतात. त्यातून चंद्र, आणि चंद्रावरून चांदणं. दिवाळीला आपण आकाशकंदील टांगतो तेव्हा दारात चंद्राचाच चुलत भाऊ लोंबत असतो.

गंमत अशी की फ्रेंच माणूस छताला टांगलेल्या दिव्याला शांदलिए म्हणतच नाही. त्याच्या लेखी तो हातातला किंवा टेबलावरचा शमादान, म्हणजे मेणबत्ती खोचायची बैठक. टांगलेल्याला तो 'लुस्त्र' म्हणतो, म्हणजे चकाकी. तेव्हा मुलीला 'फ्रेंच शब्द जास्त बरोबर' असं वाटत असेल तर तेवढं सांगा.

मुळात ही वस्तू इतकी नाजूक नव्हती. मध्ययुगातल्या युरोपात दोन लाकडांची फुली, तिच्यावर खिळे, खिळ्यांवर मेणबत्त्या, आणि ती फुली दोरानं वर ओढलेली, एवढाच थाट. मोठ्या चर्चमध्ये त्या फुलीचं चाक झालं. जर्मनीत आखेनच्या चर्चमध्ये बाराव्या शतकातलं असं चाकाचं झुंबर आजही टांगलेलं आहे. हल्ली आपल्याकडे शेतघरांत, ढाब्यांवर बैलगाडीचं जुनं चाक आडवं टांगून त्याला बल्ब लावतात. कोणी त्याला उसनी फॅशन म्हणतं, पण झुंबराचं एक फार जुनं रूप हेच आहे.

काच आली आणि रूप पालटलं. १६७४ मध्ये लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं शिसं घातलेल्या काचेचं पेटंट घेतलं. ही काच जड, कापायला मऊ, आणि पैलू पाडले की उजेड जास्त मोडणारी. मेणबत्त्या महाग होत्या, म्हणून एका ज्योतीच्या शंभर ज्योती दिसाव्यात यासाठी लोलक. शोभा त्या काटकसरीच्या मागून आली. व्हेनिसजवळच्या मुरानोच्या कारागिरांनी पैलूंऐवजी रंगीत काचेची फुलं-पानं ओढून झुंबराचा गुच्छ केला. बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, कापीव काच सगळीकडे गेली. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीनं तर कलकत्त्याला दुकानच थाटलं, कारण आपले राजेरजवाडे मोठे गिऱ्हाईक. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली दोन झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची. टांगण्याआधी छताचं बळ पाहायला वर हत्ती चढवले होते, असं सांगतात.

आपल्या भागात नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ मध्ये आली. त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. देशमुखांच्या आणि मालगुजारांच्या वाड्यांतली पुष्कळशी काच त्यानंतरची असावी, असा माझा अंदाज आहे. शेकडो कोस बैलगाडीतून लोलक धडके कसे आणणार?

विजेनं झुंबराला एक मोकळीक दिली. ज्योत नेहमी वर जळते, म्हणून मेणबत्तीच्या झुंबराचे हात वर वळलेलेच असत. बल्ब खाली तोंड करूनही जळतो. त्यामुळे आज एलईडीच्या तीन कड्या एकाखाली एक टांगल्या तरी आपण त्याला झुंबर म्हणतो, आणि शब्द ताणल्यासारखा वाटत नाही, कारण त्याची अट लोंबण्याची होती, जळण्याची नव्हती. समईचं तसं नाही. समईचा संबंध अरबी 'शमा'शी, म्हणजे मेणाशी लावतात, पण आपल्या समईत मेण कधी नव्हतंच, तेलच होतं. लामणदिवा मात्र पुन्हा झुंबराच्या बाजूचा: लंबन वरून लामण, लोंबणारा दिवा.

लिहिताना ते झुंबर, ती झुंबरं, झुंबराला, झुंबरात. नपुंसकलिंगीच. 'झूमर' बिलावर राहू द्या.

आणि आईंना एक विचाराल का? मालगुजाराच्या वाड्यात त्यांनी पाहिली ती हंडी सुटी होती की तिच्याभोवती फांद्या होत्या, आणि तिच्यात मेणबत्ती होती की तेलावरची वात? त्या तरंगत्या वातीच्या टेकूला तुमच्या गावात काय म्हणत, ते त्यांना आठवलं तर जरूर कळवा.