विज्ञानाचं कॉमिक करताय? आधी हे बघा
कॉमिकमधून विज्ञान सांगायचं ठरवलंय ना, मग पहिल्याच फटक्यात अख्खं प्रकाशसंश्लेषण घेऊ नका. एकच प्रश्न घ्या. पाण्यात तरंगणारा बर्फ वितळला की ग्लासातली पातळी वाढेल का? पहिल्या चौकटीत दोन पात्रांना पैज लावू दे, उत्तर पान उलटल्यावर. मधल्या वेळात वाचक स्वतः अंदाज बांधतो. (पातळी तेवढीच राहते, बर्फाचं होणारं पाणी त्याने बाजूला सारलेल्या पाण्याइतकंच असतं.)

संवाद कमी ठेवा. फुग्यात परिच्छेद कोंबला की चित्रं चिकटवलेलं पाठ्यपुस्तक तयार होतं. रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या हाती तलवार देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. द्या खुशाल, पण पेशी रासायनिक खुणांच्या मागावर सरकते, ती चिडत वगैरे नाही, हेही कुठेतरी दिसू द्या.

चित्रांऐवजी फोटोंनी गोष्ट सांगणाऱ्या फोटोकथेचं बळ वेगळं: ती पुरावा देते. 1878 मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले. त्यात दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार रंगवत तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे. तुम्ही बी रुजण्याची मालिका करणार असाल तर कॅमेरा एकाच जागी, उजेड तोच आणि शेजारी मोजपट्टी उभी. एखादा दिवस हुकला तर तसं लिहा, दुसऱ्याच रोपाचा फोटो घुसडू नका.

कच्चा आराखडा पेन्सिलीने काढून विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवा. समजावत मात्र बसू नका. तो अडखळला तिथे बहुतेकदा मधली एक चौकट हवी असते.