राखेतला चुना पावसात वाहून जातो काय?

प्रश्न : भाऊ, कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेत चुना मिसळून लेआउटच्या रस्त्याखाली भराव टाकला, पहिल्याच पावसात कडेनं पांढरं पाणी निघून राहिलं. सगळा चुना गेला काय? — एक वाचक, नागपूर

उत्तर : सगळा नाही जात. राखेशी रिअ‍ॅक्शन न झालेला मोकळा चुनाच विरघळते, तोही लिटरमागे दीड-पावणेदोन ग्रॅम, आन् हवा लागली की त्याचा पांढरा थर बसते. आपली राख कमी कॅल्शियमवाली, चुना धरायला तिला वेळ लागते, निदान 28 दिवस क्युरिंग (ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) पाहिजे होतं, तुम्ही बहुतेक घाई केली. चुना-राखेची चिकट जेल तयार झाली की छिद्रं बुजतात, गळती घटते. थोडं जिप्सम असतं तर ही रिअ‍ॅक्शन लवकर झाली असती. आता बाजूनं नाली काढा, पाणी मुरू देऊ नका, आन् जवळ विहीर असेल तर तिच्या पाण्याचा पीएच (चुन्यानं पाणी किती अल्कली झालं ते) तपासाच.